शाळेचं समूहगान : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

आमची शाळा परळला, मराठी माध्यमाची, प्राथमिक. तिसरी ते पाचवीच्या मुलांचा समूहगानाचा गट आहे, पोरं त्याला कोरसच म्हणतात. गाणं मी शिकवते आणि तबला-ढोलकीला आमचे सर आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की गेटवर, फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, पण तिथे दोन ओळींत भागत नाही.

गटात यायला ऑडिशन द्यावी लागते का?

नाही. ज्याला गायचंय तो येतो. सुरुवातीला आम्ही प्रत्येकाला एकेकटं ऐकतो खरं, पण ते कोणाचा आवाज कुठे आरामात लागतो ते कळावं म्हणून, कारण त्यावरून कोण कोणाशेजारी उभं राहणार ते ठरतं. सूर पटकन पकडणारं मूल आणि अजून शोधणारं मूल शेजारी शेजारी उभं केलं की दुसऱ्याचं निम्मं काम कानानेच होतं. तुम्ही घरून पाठ करून घेऊन येऊ नका, "बाईंना हे गाणं म्हणून दाखव" असंही सांगू नका, मूल घाबरतं आणि मग आवाजच बाहेर येत नाही.

माझा मुलगा बेसूर गातो, त्याला ठेवून काय उपयोग?

हा प्रश्न बहुतेक वेळा मुलाच्या समोर विचारला जातो, तेवढं आधी थांबवा प्लीज. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बेसूर ठरवायची घाई कशाला. सूर जुळवणं हे सायकल चालवण्यासारखं शिकता येतं, कोणाला लवकर जमतं कोणाला उशिरा, आणि जन्मतःच सुरातला फरक कळत नाही अशी माणसं फार थोडी असतात.

मग मूल सूर सोडून का गातं? आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे ते बोलायच्याच आवाजात गातंय. मुलांचं बोलणं बऱ्यापैकी खाली असतं, आणि गाणं वर गेलं की त्यांना तो हलका, पातळ, डोक्यात घुमल्यासारखा वाटणारा आवाज काढावा लागतो, जो त्यांच्याकडे असतो पण आपल्याकडे आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. म्हणून आम्ही भोंगा खेळतो. परळ-लालबागच्या आजी-आजोबांना गिरणीचा भोंगा आठवत असेल, पोरांनी तो ऐकलेला नाही पण अँब्युलन्स रोज ऐकतात, तर "ऊ" म्हणत खालून वर आणि वरून खाली घसरत जायचं, मध्ये कुठेही न तोडता. जो मुलगा गाण्यात दोन सुरांच्या वर जात नव्हता तो भोंग्यात सहज वर पोचतो, मग त्याला थांबवून सांगायचं, हा बघ, हा तुझाच आवाज.

दुसरं कारण, त्याला स्वतःचं ऐकूच येत नाही. सगळे ओरडत असतील तर कोणालाच येत नाही. एक हात कानामागे धरून गायला सांगितलं की लगेच फरक पडतो. तिसरं म्हणजे कान. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं, मूल "काय?" "काय?" जास्त विचारतं, टीव्हीचा आवाज वाढवतं, असं दिसलं तर गाण्याचं राहू दे पण कानाच्या डॉक्टरांना दाखवा, वर्गातही त्याला नीट ऐकू येत नसणार.

आणि शिकवताना मी पेटीवर सा देऊन "हा लाव" म्हणत बसत नाही. तो जो सूर काढतोय तो मी घेते, मी त्याच्यात मिळते, त्याला दोन आवाज एक झाल्यावर कसं वाटतं ते कळतं, आणि तिथून त्याला हळूहळू वर घेऊन जाते. वेळ लागतो. पण लागतो तेवढा द्यायचा.

"तू नुसते ओठ हलव" असं काही शाळांत सांगतात, तुमच्याकडे?

कधीच नाही. गॅदरिंगला, स्पर्धेला, पाहुण्यांसमोर, कधीच नाही. मला चाळिशी-पन्नाशीतली माणसं भेटतात, चांगली शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची, आणि सांगतात की मला गाता येत नाही, चौथीत बाईंनी गप्प उभं राहायला सांगितलं होतं. चौथीतलं एक वाक्य इतकी वर्षं टिकतं. एका बक्षिसासाठी आम्ही ते कोणत्याही मुलाच्या वाट्याला येऊ देणार नाही, मग निकाल काही लागो.

तुम्ही इतक्या वरच्या पट्टीत का गाऊन घेता? घरी आम्हाला ते झेपतच नाही.

तुम्हाला नाही झेपणार, बरोबर आहे, ती पट्टी मुलांची आहे.

हे जरा नीट सांगते कारण माझ्या मते प्राथमिकच्या समूहगानात सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच असतो आणि सगळ्यात कमी विचार त्याचाच होतो. पट्टी म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा ते, आणि काळी चार, पांढरी एक म्हणजे पेटीच्या सप्तकातलं त्या रंगाचं त्या क्रमांकाचं बटण. गाणाऱ्या बायकांची पट्टी साधारण काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास असते, पुरुषांची काळी एकच्या आसपास, आणि तीही मुलांपेक्षा एक सप्तक खाली. आता बाईंनी स्वतःच्या सोयीने खालची काळी चार धरली की चालीतले मंद्रातले (खालच्या सप्तकातले) सूर मुलांना लागतच नाहीत, तिथे ती पुटपुटतात. सर गात असतील तर मुलं त्यांच्या जाड आवाजाची नक्कल करत छातीतून घोगरं गायला लागतात. ऐकणारा म्हणतो पोरं बेसूर आहेत. पोरं ठीक असतात, पट्टी चुकलेली असते.

या वयाच्या मुलांना आरामात लागणारे सूर म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक ते साधारण वरची पांढरी एक-दोन. त्यामुळे आम्ही चाल बघून षड्ज, म्हणजे सा, ठरवतो. चाल वर तार षड्जापर्यंत (वरच्या सा पर्यंत) जाते आणि खाली फारशी उतरत नाही, तर पांढरी एक किंवा दोन. चाल षड्जाच्या खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या प पर्यंत) घुटमळते आणि वर पंचम-धैवतापाशीच (प-ध पाशीच) थांबते, तर सरळ पांढरी चार. राष्ट्रगीत बघा, मंद्र निषादापासून (खालच्या नी पासून) तार षड्जापर्यंत, म्हणजे जवळपास एका सप्तकात बसतं, ते पांढरी दोनला मुलं सुंदर गातात.

वर्गशिक्षकांनाही हेच सांगणं आहे, तुमच्या घशाला जड जात असेल तर एकदा पेटीवर चाल वाजवून दाखवा आणि मुलांना गाऊ द्या. तुम्ही सगळी ओळ गायलाच पाहिजे असं नाही.

रोजच्या परिपाठात मुलं एवढी ओरडतात, ते चालतं का?

चालत नाही, पण ती ओरडतात कारण आपणच "आवाज नाही आला, जोरात!" म्हणतो. जोरात आणि खणखणीत यात फरक आहे. शंभर मुलं नीट तोंड उघडून, शब्द स्पष्ट म्हणत, एका सुरात गायली तर मैदान भरतं, त्याला गळ्याच्या शिरा ताणाव्या लागत नाहीत.

राज्यगीताच्या वेळी हे फार होतं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून "जय जय महाराष्ट्र माझा" हे अधिकृत राज्यगीत झालं, राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेला आहे तो शाहीर साबळेंचा बुलंद आवाज. आठ वर्षांचं मूल त्या आवाजाची नक्कल करायला गेलं की घसा धरणारच. गाण्यातला जोश शब्दांच्या फेकीतून आणि ठेक्यातून आणता येतो, "जय" वर नीट आघात दिला, श्वास वेळेवर घेतला, की पुरतं. आमचे सर ढोलकी अशी वाजवतात की पोरांना आपोआप ताठ उभं राहावंसं वाटतं.

राष्ट्रगीताचं आणखी एक. पूर्ण राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांत म्हणायचं असतं. रेंगाळलं की शेवटच्या "जय हे" ला मुलांचा श्वास पुरत नाही आणि सूर उतरतो. घड्याळ लावून एकदा बघा, बहुतेक ठिकाणी ते ओढूनच म्हटलं जातं.

घसा बसू नये म्हणून काय द्यावं? थंड पाणी, गोळा बंद करू का?

पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंवर पडत नाही, त्यामुळे थंड पाण्याने आवाज थेट बिघडतो असं नाही. खडीसाखर, ज्येष्ठमध, लवंग तोंडात धरल्याने बरं वाटतं, लाळ सुटते, तेवढंच. गेटवरच्या काला खट्टाबद्दल माझी काळजी आवाजापेक्षा पोटाची आहे, पावसाळ्यात तर नकोच.

आवाज बिघडवणारी गोष्ट म्हणजे ओरडणं. मधल्या सुट्टीत ओरडणं, बसमध्ये ओरडणं, क्रिकेट मॅचला ओरडणं. सतत ताण दिल्याने मुलांच्याही स्वरतंतूंवर छोट्या गाठी येऊ शकतात. सर्दी-खोकला नसताना आवाज घोगरा झालाय आणि दोन-तीन आठवडे तसाच आहे तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा, घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आणि आवाज बसल्यावर कुजबुजून बोलायला लावू नका, जोर लावून कुजबुजण्यानेही घशाला ताण पडतो. हळू, साध्या आवाजात, कमी बोलायचं. त्या दिवसांत मूल तालमीला येऊन नुसतं ऐकत बसलं तरी चालेल, शब्द आणि चाल तशीच पाठ होते.

पेटी असताना मोबाइलवर तानपुरा कशाला लावता?

पेटीचे सूर ठरलेले असतात, बोट ठेवलं की सूर आयता मिळतो, मुलं पेटीच्या मागे मागे चालतात आणि पेटी थांबली की घसरतात. तानपुरा फक्त आधार देतो, बाकीचे सूर कानाने शोधावे लागतात, म्हणून शिकताना तानपुरा आणि गाणं बसलं की पेटी. पेटीवर माझा राग नाही, पेटीशिवाय शाळेतलं गाणं चालणारच नाही. पण दोन सुरांमधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणं, ती देऊ शकत नाही हे खरंय, आणि पेटी आपल्या संगीताला साजेशी नाही असं मानून ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर १९४० मध्ये बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली, इतका हा वाद जुना आहे.

यूट्यूबचा कराओके ट्रॅक लावून का नाही गाऊन घेत? सोपं पडेल.

तीन कारणं. ट्रॅक मोठ्या गायकाच्या पट्टीत असतो, पट्टी बदलायचं ॲप वापरलं तरी लय बदलता येत नाही अशा वेळा येतात. ट्रॅक मुलांसाठी थांबत नाही, एखादं कडवं आज जड जातंय तर सर लय किंचित सोडतात, ट्रॅकला ते कळत नाही. आणि मुलांनी तबल्याकडे बघत सम (तालाची पहिली मात्रा) गाठणं, एकमेकांकडे बघत श्वास घेणं, हेच तर शिकायचं असतं. गॅदरिंगच्या नाचाला ट्रॅक ठीक आहे.

गाणी कोण ठरवतं? फिल्मी गाणी चालतात का?

गाणी आम्ही दोघं ठरवतो, मुलांना विचारून. बडबडगीतं, बालगीतं, एखादा अभंग, भारूड, समरगीत, आणि दर वर्षी एक कोळीगीत असतंच, वरळी-माहीमच्या कोळीवाड्यांच्या इतक्या जवळ राहून ते नाही गायचं तर काय गायचं. कोळीगीताचा ठेका मुलांच्या अंगात आपोआप येतो, टाळ्या शिकवाव्या लागत नाहीत. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी एक कविता चाल लावून बसवतो.

फिल्मी म्हणून वर्ज्य असं काही नाही. देशभरच्या शाळांत प्रार्थना म्हणून गायलं जाणारं एक गाणं १९७१ च्या गुड्डी सिनेमातलंच आहे, चाल वसंत देसाईंची. प्रश्न असतो तो झेपण्याचा. बरीच नवी गाणी एका कसलेल्या गळ्यासाठी बांधलेली असतात, दीड-दोन सप्तकं फिरतात, मध्ये लांब म्युझिक पीस असतो, समूहाला ती बसत नाहीत. शब्द आठ-दहा वर्षांच्या तोंडी शोभतील का हेही आम्ही बघतो.

आमच्या घरी मराठी बोलत नाहीत, मुलीला उच्चार जमतील?

जमतील, आणि गाण्यामुळे लवकर जमतील. आमच्या गटात हिंदी, भोजपुरी, तेलुगू, कन्नड, गुजराती बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत. हिंदी-भोजपुरी घरांत "ळ" चा "ल" होतो, पण तेलुगू, कन्नड, गुजराती मुलांना "ळ" आधीपासून येतो, मग तीच बाकीच्यांना शिकवतात. खरं अवघड म्हणजे "च" आणि "ज" चे दोन उच्चार. "चंद्र" मधला च वेगळा, "चांदणं" मधला वेगळा, "जीवन" आणि "जागा" तसंच. एकट्याने गाताना चुकलं तर कळत नाही, तीस जणांनी एकदम म्हटलं की फटकन ऐकू येतं, म्हणून आम्ही आधी शब्द नुसते तालात म्हणून घेतो, सूर नंतर. मराठी घरांतल्या मुलांनाही याचा उपयोग होतो, त्यांचेही हे उच्चार आता डगमगायला लागलेत आणि मला त्याची काळजी वाटते.

माझा मुलगा अडखळत बोलतो, त्याला गटात त्रास होईल का?

उलट, जरूर पाठवा. अडखळत बोलणारी बहुतेक मुलं गाताना अडखळत नाहीत, हे जगभर दिसून आलंय आणि आमच्याही वर्गात दिसतं. लय ठरलेली असते, शब्द पाठ असतात, बरोबर सगळे असतात. त्याने बोलणं सुधारेलच असं मी सांगणार नाही, त्यासाठी वाचा-उपचार तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे जायलाच हवं. पण दिवसातला काही वेळ त्याच्या तोंडून शब्द न अडता बाहेर येतात आणि वर्गातली बाकी मुलं ते ऐकतात, याची किंमत फार आहे. निवेदन त्याला द्यायचं की नाही ते तो ठरवेल, आपण आग्रह करायचा नाही आणि परस्पर काढूनही घ्यायचं नाही.

कॉन्व्हेंटच्या कोरससारखं दोन-तीन आवाजांत का नाही गात?

आपली परंपरा एका सुरावटीची, त्यांची एकाच वेळी अनेक सुरावटींची, दोन्ही मुंबईत नांदतात. व्हिक्टर परांजोतींनी १९५६ मध्ये सुरू केलेला परांजोती अकॅडमी कोरस याच शहरातला. पाचवीच्या मुलांसोबत आम्ही थोडं थोडं करतो : अर्ध्या गटाने सा धरून ठेवायचा आणि अर्ध्याने चाल गायची, किंवा एक गट दोन मात्रा उशिरा सुरू होतो आणि तीच ओळ पाठोपाठ येते. पण आधी सगळ्यांचा एक सूर एक व्हायला हवा. तो होण्याआधी दोन आवाज केले तर नुसता गोंधळ.

शाळेत पूर्ण वेळ संगीत शिक्षक का नसतात?

हे पालकांनी विचारावं असं मला मनापासून वाटतं, आम्हाला कमी आणि वर जास्त. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) सांगितलेत, पण ते सहावी ते आठवीसाठी, तेही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी तसं काही नाही. म्हणजे ज्या वयात कान घडतो नेमक्या त्या वयात संगीताचा शिक्षक असायलाच हवा अशी सक्ती नाही. मग संस्था चांगली असेल, मुख्याध्यापकांना आवड असेल, एखाद्या वर्गशिक्षिकेला गाता येत असेल तर गाणं होतं, नाहीतर परिपाठापुरतं उरतं. संगीताचा तास भाषा-गणिताला "उसना" देण्याची पद्धत तर सगळीकडे आहे. तो तास परत मिळत नाही. पालकसभेत एका पालकाने जरी "संगीताचा तास नियमित होतो का" विचारलं ना, तरी फरक पडतो.

आणि ही गोष्ट मुंबईत व्हावी याचं वाईट वाटतं. संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंडे १८६० मध्ये वाळकेश्वरला जन्मले, याच शहरात वकिली शिकले, आणि आपण आज मुलांना सुराखाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, असं जे फळ्यावर लिहून शिकवतो ती पद्धत त्यांची. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये मुंबईत आणलं, सामान्य घरातल्या मुलामुलींना गाणं शिकता यावं म्हणून.

तालीम कधी असते? अभ्यास बुडतो का?

आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं. दुपारच्या अधिवेशनाची मुलं शाळा भरायच्या आधी, सकाळची शाळा सुटल्यावर. मधल्या सुट्टीत तालीम ठेवत नाही, मुलांनी डबा खाऊन खेळायला हवं, आणि भरल्या पोटी गाताही येत नाही. परीक्षेच्या आठवड्यात बंद.

माझी मुलगी छान गाते, तिला सोलो का देत नाही?

देतो, पण फिरते. एका गाण्यात चार ओळी एकट्याने म्हणायच्या असतील तर चार मुलं म्हणतात, पुढच्या गाण्यात दुसरी चार. तुमची मुलगी छान गाते हे आम्हाला माहितीये, आणि तिला समूहात आपला आवाज बाकीच्यांत मिसळायला शिकवणं हे तिच्यासाठी सोलोपेक्षा अवघड काम आहे. तिचा एकटीचा आवाज वर आला तर मी तिला खूण करते, ती रागवायची खूण नाही, कृपया घरी तसं समजू नका.

स्पर्धेच्या वेळी पालकांनी काय लक्षात ठेवायचं?

मुलांना वेळेच्या बऱ्याच आधी पोचवा, दादर-प्रभादेवीचा ट्रॅफिक माहितीच आहे. हलकं खाऊन आणा, पाण्याची बाटली द्या. स्टेजसमोर उभं राहून हात हलवू नका, मुलांची नजर सरांच्या हातावर असायला हवी. साऊंडवाल्यांना आम्ही सांगतो की पुढच्या मुलांच्या हातात माइक देऊ नका, दोन-तीन माइक स्टँडवर जरा उंच आणि लांब लावा, नाहीतर पुढची दोन मुलंच ऐकू येतात. तुमच्या मोबाइल रेकॉर्डिंगमध्ये तुमच्याच मुलाचा आवाज नाही आला म्हणून नाराज होऊ नका. आणि निकाल लागल्यावर परीक्षकांशी वाद नको, मुलं बघत असतात.

वेगळा क्लास लावू का? परीक्षेला बसवू का?

मुलाने स्वतःहून मागितला तर लावा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, विशारद अशा चढत जातात. प्रारंभिकला घाई करू नका असं माझं मत, एक-दोन वर्षं नुसतं गाऊ दे, ऐकू दे. क्लास निवडताना एकच बघा, बाई किंवा सर मुलाला मुलाच्या पट्टीत गाऊ देतात का.

घरी सराव कसा घ्यायचा?

सराव घेऊ नका, बरोबर गा. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये, कुठेही. शब्दांचा कागद आम्ही वहीत चिकटवतो आणि चाल ऑडिओ करून ग्रुपवर टाकतो, तो मुलांना दिवसातून एकदा ऐकू द्या, दहा वेळा लावून बसवू नका. मूल चुकीचं गात असेल तर तिथल्या तिथे टोकू नका, तालमीत आम्ही बघतो. आजी ओव्या किंवा भूपाळी म्हणत असेल तर तिला म्हणायला लावा आणि मुलाला शेजारी बसवा, त्याहून चांगला सराव आमच्याकडेही नाही.

आम्ही काय मदत करू शकतो?

पावसाळ्यात दमट हवेने तबल्याची पुडी (वरचं चामडं) सैल पडते, सूर उतरतो, सर गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून चढवत बसतात, आणि पेटीच्या स्वरपट्ट्याही खराब होतात. कोणाकडे वाद्यं ठेवायला घट्ट बंद होणारं कपाट जास्तीचं असेल तर सांगा, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, आम्हाला द्या. पेटीची दुरुस्ती करणारा चांगला कारागीर ओळखीचा असेल तर त्याचा नंबर मला वैयक्तिक पाठवा, ग्रुपवर नको. आणि स्पर्धेच्या दिवशी वाद्यं न्यायला दोन मोठी माणसं हवी असतात, टॅक्सीत पेटी आडवीच ठेवायची, उभी नाही, आणि तिच्यावर दप्तरं रचायची नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी आदल्या दिवशी दुपारपर्यंत सरांना कळवा.